आत्या, नवी पाचर पाठवते आहे



शेजारच्या पोराने तुझा व्हिडिओ पाठवला. त्याला ओरडू नकोस, ‘मी पाठवला म्हणून सांगू नका’ असं बिचाऱ्याने खाली लिहिलंही होतं. सांगणार नव्हतेच, पण मग हे पत्र कशाच्या निमित्ताने लिहायचं? मागे फोनवर ‘काही नाही गो, पडवी झाडत्ये’ म्हणालीस तेव्हा एवढी धाप का लागली होती, ते आता कळलं.

चिंचेच्या बुंध्याला हात घातलास ना शेवटी?

रागवावं की हसावं, ठरवता येईना. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला पंचा, हातात आबांचा तो जुना घण, आणि पायात निळ्या रबरी स्लिपर. स्लिपर, आत्या! त्या पाचरीचं डोकं तर बघवत नाही. वर्षानुवर्षं ठोकून कड चारी बाजूंनी वळली आहे, तिची झालर झाली आहे. घण तिरका बसला तर त्या झालरीचा तुकडा उडतो, तो कुठे जाईल सांगता येत नाही. लोहाराकडे नेऊन कड घासून आणायची असते, हे मला कोणी शिकवलं? तूच ना? मग स्वतःच्या पाचरीला तो नियम का नाही?

पण एक कबूल करते. चार-पाच घाव झाल्यावर आवाज बदलला आणि तू घण खाली टेकवून वाकलीस, बुंध्याजवळ कान नेलास. पोरगा मागून ‘काय झालं काकू’ विचारतोय आणि तू हात वर करून त्याला गप्प बसवतेस. तिथे माझा राग अर्धा उतरला. मला माहीत आहे तू काय ऐकत होतीस. पाचर आत शिरली की लाकूड आतल्या आत बारीक करकरतं, घण थांबला तरी करकरत राहतं. ‘आता आपण नाही मारायचं, आता त्याला फुटू दे’ असं म्हणून तू मला ओंडक्यावर बसवून ठेवायचीस. मला कुठला धीर? मी लगेच दुसरा घाव घालायला उठायचे आणि तू माझ्या फ्रॉकचा पट्टा धरून खाली बसवायचीस. आठवतं?

ही चिंच पडली त्या दिवसाचं आपण कधी नीट बोललोच नाही. 3 जून 2020. मी तो दिवस टीव्हीवर पाहिला, तू अंगावर घेतलास. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं आणि मंडणगड-दापोली झोडपत गेलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा, असं बातम्यांत सांगत होते. इथे डोंबिवलीत आमची तावदानं थरथरत होती आणि तुझा फोन लागत नव्हता. पुढे कितीतरी दिवस लागला नाही. गावात वीज नाही, टॉवर नाही, रस्त्यात झाडं आडवी, आणि वर करोना. जिल्ह्याची हद्द ओलांडायची तर ई-पास. आम्ही मुंबईतली सगळी भावंडं एकमेकांना फोन करत बसलो होतो, जणू त्याने तुझ्या घरावर कौलं चढणार होती.

मग कधीतरी कोणाच्या तरी मोबाइलवरून तुझा फोन आला. पहिलं वाक्य काय बोललीस? ‘चिंच पडली.’ पुढची पडवी उघडी झाली हे नंतर. पोफळी मोडल्या हे त्याच्याही नंतर. आणि तू बरी आहेस की नाही हे मला विचारून काढावं लागलं. ‘मला काय होतंय? पण चिंच पडली गो.’

त्या दिवसांत तू काय केलंस ते मला दुसऱ्यांकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, सांगणारही नव्हतीस. रस्ता बंद म्हणजे सिलिंडरची गाडी बंद. ज्यांनी चुली मोडून त्यांच्या जागी ओटे बांधले होते ते तुझ्या दारात आले, आणि तू खोपीतलं जळण वाटलंस. मे महिन्यात रचून ठेवलेलं, फोडलेलं, वाजणारं सुकं जळण. पुढचे चार महिने तुला पुरायचं होतं ते. आळीतल्या चुली त्यावर पेटल्या आणि तुझी खोप रिकामी झाली. मग भर पावसात तू ओल्या चिंचेच्या फांद्या फोडायला बसलीस. त्या वर्षासाठी नाहीच, ओली चिंच त्या वर्षी कुठली जळायला? पुढच्या वर्षासाठी! त्या पावसाळ्यापुरता तू किनाऱ्यावरचा पडलेला सुरू ओढून आणलास, कारण सुरू ओला असला तरी पेट घेतो. हे सगळं ऐकून मी फोनवर काहीतरी मोठं बोलायला गेले, तर म्हणालीस, ‘लाकूड ठेवून काय करायचं असतं? जाळायचंच असतं ना?’

तुझ्याशी कौतुकाचं बोलणं म्हणजे पण एक शिक्षाच.

आबा गेल्यावर एकदा मी आईला विचारलं होतं, की बायका मोळ्या आणतात, शेणी थापतात, पण आपल्या घरात लाकडं आत्याच का फोडते? आई म्हणाली, ‘ती आली त्या उन्हाळ्यात लाकडं फोडायला नेहमीचा गडी आला नाही.’ एवढंच. आला नाही की त्याला वाटेतूनच परत पाठवलं, हे मी विचारलं नाही आणि तुलाही विचारत नाही. सासरहून परत आलेल्या बाईला माहेरच्या ताटावर बसताना काय काय ऐकू येतं, न बोललेलंसुद्धा, ते मला आता या वयात थोडं कळतं. त्या वर्षापासून त्या घरातली प्रत्येक अंघोळ, प्रत्येक भात, प्रत्येक बाळंतिणीचा शेक तुझ्या हातच्या लाकडावर झाला. कोणाची बिशाद होती मग?

आजी मात्र अखेरपर्यंत कुरकुरत होती. ‘बायकांनी कुऱ्हाड धरू नये.’ ‘मग गडी दे,’ तू म्हणायचीस. ‘गड्याला पैसे कुठले?’ ‘मग धरत्ये ती धरू दे.’ हा संवाद इतक्या वेळा झाला होता, की आम्ही मुलं मागच्या दारी दोघींच्या नकला करायचो.

आणि मला शिकवलंस. दादाला नाही शिकवलंस, मला शिकवलंस. त्याचा त्याला अजून राग आहे, सांगून ठेवते. हातात पहिल्यांदा कुऱ्हाड दिलीस ती आधी नुसती धरायला. म्हणालीस, तोडायची कुऱ्हाड वेगळी, फोडायची वेगळी. तोडायचीचं पातं पातळ, ते तंतू आडवे कापत जातं. फोडायचीचं पातं जाड, त्याला फार धारही नको, त्याचं काम कापायचं नाही, दोन बाजूंना रेटायचं. दांडा धामणीचा, कारण धामण लवते आणि हाताला हिसका बसू देत नाही. मे महिन्यात दांडा आटून नेढ्यात सैल व्हायचा आणि रात्री तू कुऱ्हाड पाण्याच्या घमेल्यात उलटी ठेवायचीस. सकाळी दांडा फुगून घट्ट. तो उपाय तेवढ्यापुरताच, दुपारच्या उन्हात पुन्हा ढिली, की मग नेढ्यात सागाची चपटी खुंटी ठोकायची. ती खुंटी ठोकताना तू जिभेचं टोक बाहेर काढायचीस. व्हिडिओतही काढलं आहेस.

मग पाय. ‘पाय फाकव. कुऱ्हाड चुकली तर ओंडक्यात नाहीतर जमिनीत जायला पाहिजे, नडगीत नाही.’ मग हात. एक हात दांड्याच्या टोकाला घट्ट, दुसरा वर, पात्याजवळ, आणि कुऱ्हाड खाली येताना वरचा हात घसरत खालच्याला येऊन मिळायला हवा. मला वाटायचं, जोर लावायचा असतो. तू म्हणायचीस, जोर कुऱ्हाडीच्या वजनात आहे, तुझं काम तिला वर नेण्याचं आणि वाट दाखवण्याचं. आणि सगळ्यात आधी, कुऱ्हाड उचलायच्याही आधी: ‘भेग बघ.’

या भेगेचं मी पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा तुझी फार आठवण आली. ओंडका टोकांकडून आधी वाळतो. पाणी गेलं की लाकूड आक्रसतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं आक्रसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे थोडं, आणि वलयांच्या गोलाईत त्याच्या साधारण दुप्पट. घेर आतून अपुरा पडतो, मग लाकूड उकलतं, आणि भेगा गाभ्यापासून सालीच्या दिशेने पडतात. म्हणजे लाकडाने आपली वाट आधीच मोकळी केलेली असते. तू हे शाळेत शिकली नव्हतीस. ओंडक्याचं तोंड फडक्याने पुसून, त्यावर थोडं पाणी मारून, जिथे पाणी आधी मुरतं तिथे बोट ठेवून दाखवायचीस. मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई, पण सांगते, इतका सोपा प्रयोग मी अजून पाहिलेला नाही.

मोठा ओंडका असला तर मात्र मधोमध घाव घालायचा नाही. तिथे गाभा असतो, कुऱ्हाड उसळून येते. कडेकडेने फळ्या काढत जायचं, ओंडका सोलायचा, आणि तो मांडीएवढा राहिला की मग मधून. कुऱ्हाड अडकली तर ओढाताण करायची नाही, ओंडक्यासकट उचलून उलटी करायची आणि कुऱ्हाडीचा माथा खालच्या ठोकळ्यावर आपटायचा. ओंडका स्वतःच्याच वजनाने फाटत खाली येतो. हे मला पहिल्यांदा जमलं तेव्हा मी अंगणभर नाचले होते आणि आजीने दोघींनाही शिव्या घातल्या होत्या.

सगळ्या झाडांत ऐन तुझा आवडता. सुसरीच्या पाठीसारखी चिरफळलेली साल, आत जड, करडं लाकूड. ऐन चांगला वाळला की खणखणीत आवाज करून उभा उकलतो, निखाराही टिकाऊ. आंबा हलका, भडभड जळतो, चहापुरता बरा. उंबर चुलीत घालायचा नाही, तो दत्ताचा. बिब्ब्याच्या वाटेला जायचंच नाही, चीक उडाला की अंग उततं. आणि चिंच? चिंचेचं नाव काढलं, की तू कपाळाला हात लावायचीस. तिचे तंतू सरळ जात नाहीत, एकमेकांत गुंतत, वळत जातात. पाचर घातली की ऐन दुभंगतो, चिंच नुसती वासते आणि आतले तंतू दोन्ही काठ धरून ठेवतात. ते कुऱ्हाडीच्या टोकाने एकेक तोडावे लागतात. खाटकाचा ठोकळा चिंचेचा का असतो, हे तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. ज्या लाकडावर आयुष्यभर सुरा चालवला तरी ते चिरफाळत नाही, त्याला माणसाने घरी बसून फोडायचं?

आणि तू नेमकी तीच निवडलीस. वादळ झालं तेव्हा बुंधा ओला होता. तेव्हाच फोडायला हवा होता, हे तुलाही माहीत आहे, पण कापायला मशीनवाला मिळेना, सगळा तालुका झाडांनी भरलेला. पुढे मिळाला तेव्हा त्याने गंडेऱ्या पाडून दिल्या आणि खालचा बेचक्याचा भाग तसाच ठेवून गेला, ‘साखळी खराब होते’ म्हणून. तो तू दगडांवर उचलून ठेवलास, वाळवी लागू नये म्हणून. वरचं पिवळट लाकूड तिने थोडं खाल्लंच, पण आतल्या काळपट जांभळ्या गाभ्याला तिचाही दात लागला नाही. इतकी वर्षं वाळून तो आता लोखंड झाला असणार.

तो व्यापारी टेम्पो घेऊन आला होता ना? वीटभट्टीला चिंच हवी म्हणून. ‘बुंधा फुकट उचलून नेतो, तुमचं अंगण मोकळं होईल.’ मी फोनवर म्हटलं, दे ना त्याला. तू काही बोलली नाहीस. नंतर कळलं, की त्याने पलीकडचा डोंगर घेतला होता. घेतला म्हणजे उभा, झाडांसकट. चिंच, ऐन, किंजळ, फणस ही सगळी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं, विनापरवाना तोडता येत नाहीत. तरी पाऊस सरला की डोंगरात मशीन घुरघुरायला लागतात आणि ट्रक भरून घाटावर जातात, हे आपल्याकडे कोणाला माहीत नाही? आणि मग शहरात एखाद्या सभेत कोणी म्हणतं, खेड्यातल्या चुलींनी जंगल खाल्लं. मी एकदा अशा सभेत उठून उभी राहिले होते, आत्या. म्हटलं, माझ्या आत्याने उभं झाड कधी तोडलेलं नाही. पडलेलं, वठलेलं, वाऱ्याने मोडलेलं, नाहीतर भाजावळीला कवळं तोडल्यावर उरलेल्या फांद्या. तिच्या अख्ख्या आयुष्याचं जळण त्या व्यापाऱ्याच्या एका हंगामाला पुरायचं नाही. लोक टाळ्या वाजवतील असं वाटलं होतं. कोणी वाजवल्या नाहीत, चहाची वेळ झाली होती.

पण तिथे उभी राहून बोलले ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं आता तुला ऐकवणार आहे.

तुझा खोकला. गेल्या वर्षी तुला दापोलीला डॉक्टरांकडे घेऊन गेले तेव्हा त्यांनी छातीला नळी लावून विचारलं, ‘आजी, बिडी ओढता का?’ तू म्हणालीस, ‘ओढत्ये तर! सकाळ-संध्याकाळ, चुलीसमोर बसून.’ डॉक्टर हसले, मी हसले, तू नाही हसलीस. फुफ्फुसं धुराने खराब झाली आहेत, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. लिहून दिलेला पंप तू देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला आहेस, उदबत्तीच्या पुड्यांशेजारी. निदान जागा तरी बदल.

गॅस आणून दिला, त्यावर तू विणलेला रुमाल घातलास. पाहुण्यांच्या चहाला तेवढा काढतेस. उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली तेव्हा खालच्या वाडीतल्या बायकांनाही शेगड्या मिळाल्या, आणि त्यांच्याकडेही सिलिंडर संपला की पुढचा भरायला महिनोन् महिने पैसे जमत नाहीत, हे तू मला ऐकवतेस. खरं आहे ते. पण तुझं कारण पैशाचं नाही. पैसे आम्ही पाठवतो आणि तेच तुला नको असतं. तुझ्या खोपीत रचलेली थप्पी कोणी पाठवलेली नाही, तिच्यावर कोणाचं देणं नाही. मला हे समजतं, म्हणून इतकी वर्षं मी ‘गॅस वापर’ एवढंच म्हणून गप्प बसत आले.

पण हिशेब तुलाही कळतो, तर हा एक हिशेब ऐक. आपल्या साध्या चुलीत लाकूड जळतं तेव्हा त्यातल्या उष्णतेचा दहा-पंधरा टक्के भाग भांड्याला लागतो. बाकीची भिंतीला, हवेला, कौलांना आणि तुझ्या छातीला. म्हणजे तू दहा घाव घालतेस त्यातले आठ-नऊ धुराबरोबर वर जातात. एवढ्या चिकाटीच्या चिंचेशी झुंजून तू ते लाकूड कौलं काळी करायला वापरतेस! तुला हे खपतं? पानात उष्टं टाकलं तर तू आम्हाला बोलायचीस.

गणपतीत आम्ही सगळे येतो. वीस-पंचवीस माणसं, सकाळी सातपासून न्हाणीघरासमोर रांग. हंडा चुलवणावर चढलेला, तू मागे बसून लाकूड सारतेस. ‘पाणी कडकडीत आहे हो आत्या!’ असं आतून ओरडणारी आम्ही माणसं. त्यातल्या कोणी त्या हंड्याखाली काय जळतंय ते वाकून पाहिलं? दादाची मुलं तर म्हणतात, गावच्या पाण्याला वेगळाच वास येतो. येणारच. वास तुझ्या ऐनाचा आहे. आणि दहाव्या दिवशी आम्ही गाडीत बसून निघालो, की तुझी निम्मी थप्पी संपलेली असते आणि पाऊस अजून महिनाभर असतो. दापोलीचा पाऊस, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा. त्यात ओलं लाकूड वाळत नाही, फुंकर घालून घालून पेटवावं लागतं, आणि लाकडातलं पाणी उडवण्यातच निम्मा जाळ जातो. त्या दिवसांतला धूर सगळ्यात वाईट. हे कोणामुळे, तर आमच्या अंघोळींमुळे. तू कधी बोलली नाहीस. का नाही बोललीस गं?

तर आता माझं ऐकायचं. घण खाली ठेव असं मी म्हणणार नाही, कारण ठेवणार नाहीस. तुझ्या पत्त्यावर एक नवी पाचर निघाली आहे, चांगल्या पोलादाची, टोकाला पातळ आणि वर जाड. तिच्याबरोबर दुसरी छोटीही आहे. चिंचेला एक पाचर पुरत नाही: पहिलीने फट वासली की दुसरी पुढे बाजूने घालायची, म्हणजे पहिली सुटून हातात येते. पाचरीवर कुऱ्हाडीचा माथा मारू नकोस, नेढं फुटतं. घणच मार. पार्सलमध्ये बूट आहेत, गमबूट नाहीत, चामड्याचे, पुढे लोखंडी टोपी असलेले. ‘हे काय पुरुषांचं’ असं म्हणणार असशील तर आजीशी तू जे भांडलीस ते सगळं वाया गेलं. डोळ्यांना लावायचा चष्माही आहे. तो घालून एक फोटो मला पाठव, त्याच पोराकडून काढून घे.

आणि चूल बदलायची. मोडायची नाही, बदलायची. आनंद कर्व्यांच्या पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेने सुधारित चुलींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे, त्यांच्यासारख्यांमुळे अशी चूल बांधणारे लोक तयार झाले. तसाच एक गवंडी मी शोधला आहे. दोन भांडी बसणारी, मागून धुराडं कौलाच्या वर काढलेलं. तोंड लहान, त्यामुळे लाकूडही बारीक लागेल. तेव्हा फोडताना ते मनगटाएवढं नको, अंगठ्याहून थोडं जाड कर. काम थोडं वाढेल खरं, पण लाकूड कमी लागेल, म्हणजे हिशेब बरोबरीत येईल. न्हाणीच्या चुलवणाला हात लावायचा नाही, असं मी गवंड्याला आधीच सांगितलं आहे. भात उकडायला, काजू भाजायला तुझं जुनं चुलवण तुझंच राहील. रोजच्या भाताला आणि पिठल्याला गॅस. हे शेवटचं तू मान्य करणार नाहीस, तरी लिहून ठेवते.

गणपतीला यंदा मी चार दिवस आधी येते आहे. हंड्याखाली मी बसेन. तू आत जाऊन अंघोळ करायची, पहिली, सगळ्यांच्या आधी, आणि पाणी कडकडीत आहे की नाही ते ओरडून सांगायचं. दादाच्या मुलांना मी तुझ्यासमोर उभं करणार आहे. मोठी तेरा वर्षांची झाली, ती सरळ हातात कुऱ्हाड मागेल. तिला दे. दादालाही दे, म्हणजे जुनं भांडण मिटेल. त्याला मात्र आंबाच दे, चिंच नको, त्याला स्लिप डिस्क आहे.

पंप दिवसातून दोनदा, विसरू नकोस. आईचा नमस्कार. पोराला माझ्या वतीने एक आमसुलाची वडी दे, आणि ओरडू नकोस म्हटलंय ते खरंच म्हटलंय.

तुझी भाची

ता. क. बेचक्याकडचा भाग मी येईपर्यंत ठेव. वरून नाही फुटायचा, उलटा करून खालच्या तोंडाने पाचर घालून बघू. गवंडी पुढच्या मंगळवारी सकाळी येईल. त्याला चहा पाजून, मुलाबाळांची चौकशी करून, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून परत पाठवू नकोस, मी त्याला आगाऊ पैसे दिले आहेत.